मशीन पडते केव्हा आणि पडते कसे?

ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर मधूनच बंद पडतोय, काय करू, असे कोणी विचारले की मी आधी व्होल्टेज विचारत नाही. कूलर कोणता तेही विचारत नाही. विचारतो ते एवढेच: पडतो केव्हा आणि पडतो कसा? बहुतेकांकडे उत्तर नसते. ‘काही नेम नाही हो, कधीही होतो,’ असे म्हणतात. पण नेम असतो. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांनी होतो, व्हिडिओ रेंडरला लावल्याबरोबर होतो, की सगळे बंद करून चहा आणायला उठलात तेव्हा होतो? पडदा निळा होतो, चित्र आहे तिथे गोठते, की वीज गेल्यासारखे सगळे धप्पकन बंद होते? हे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच झालेले असते. उरलेल्या निम्म्यासाठी एक वही लागते.

वहीचे सांगतो ते गमतीने नाही. तारीख, बायोसमध्ये काय बदलले, कोणती चाचणी लावली, ती किती वेळ टिकली, प्रोसेसरचे सर्वाधिक तापमान, आणि खोलीतले तापमान. एका बदलाला एक ओळ, आणि एका वेळी एकच बदल. मल्टिप्लायर वाढवला, त्याच बैठकीत रॅमचा वेगही वाढवला आणि मशीन पडले, तर आता दोघांपैकी कोणाला धरायचे? ‘पी हळद अन् हो गोरी’ या घाईने ज्यांनी पाच सेटिंग एकदम बदलली, त्यांचे आठवडेच्या आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. मोबाइलवर बायोसच्या पडद्याचे फोटो काढून ठेवले तरी चालतील, पण त्यावर तारीख असू द्या.

वेग वाढला की बिघडते ते नेमके काय

प्रोसेसरमध्ये घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला विद्युत संकेत एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात पोचावा लागतो. ४ गिगाहर्ट्झला त्यासाठी मिळतो सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा चौथा हिस्सा. ५ गिगाहर्ट्झला पाचवा. संकेत वेळेत पोचला नाही तर पुढच्या टप्प्यात चुकीचा आकडा नोंदला जातो, बस इतकेच. काही जळत नाही, काही तुटत नाही. फक्त उत्तर चुकते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि संकेत वेळेत पोचतो. म्हणून वेगामागोमाग व्होल्टेज वाढवावे लागते.

त्याची किंमत मात्र चढी आहे. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झला नेला आणि त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर वेग वाढला १० टक्के आणि उष्णता जवळजवळ ३९ टक्के. तापलेल्या चिपमध्ये संकेत पुन्हा मंदावतात आणि वीज गळतेही जास्त, म्हणजे आणखी व्होल्टेज हवे. हे चक्र ध्यानात असले की ‘पडतोय ना, मग व्होल्टेज वाढव’ हा सल्ला अर्ध्या वेळा उलटा का पडतो ते कळते.

उत्तर चुकल्यावर काय होते याचा एक मासलेवाईक किस्सा मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहून ठेवला आहे. विंडोज कोसळल्याचे जे अहवाल कंपनीकडे येतात त्यांत काही अगदीच अशक्य वाटणारे होते. उदाहरणार्थ, कोसळणे ज्या सूचनेवर झाले ती होती प्रोसेसरमधला एक कप्पा शून्य करण्याची. ती मेमरीला हात लावत नाही, कुठे भागाकार करत नाही. ती चुकूच शकत नाही. चौकशी केली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांची मशीन ओव्हरक्लॉक केलेली निघाली. काहींना तर ते ठाऊकही नव्हते, कारण दुकानदाराने वेग वाढवूनच मशीन विकले होते.

हा शेवटचा भाग आजही लागू आहे. दुकानातून जोडून आणलेल्या मशीनवर बायोसमध्ये कोणी काय केले आहे हे मालकाला माहीत असतेच असे नाही. शिवाय कित्येक मदरबोर्ड ‘ऑटो’च्या नावाखाली स्वतःहूनच वीजमर्यादा उठवतात किंवा सगळे कोअर सर्वोच्च वेगाला पळवतात. आणि रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करणे हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. डब्यावर ६००० छापले आहे म्हणजे तुमच्या प्रोसेसरने ते मान्य केले आहे असे नाही.

आधी मूळ पदावर या

म्हणून पहिली पायरी कंटाळवाणी आहे. बायोसमध्ये जाऊन सगळे डिफॉल्ट करा. एक्सएमपी बंद, बोर्डाची ‘एन्हान्समेंट’ बंद, इंटेल असेल तर इंटेलने ठरवलेल्या वीजमर्यादा चालू. बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही याच वेळी चढवा, ओव्हरक्लॉक केलेल्या अवस्थेत नव्हे. मग दोन-तीन दिवस नेहमीची कामे करा आणि ज्या प्रसंगी मशीन पडत होते तो प्रसंग मुद्दाम घडवून आणा.

तरीही पडले, तर ओव्हरक्लॉकिंगचा पिच्छा सोडा. दोष एसएमपीएसमध्ये, रॅमच्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डात, ड्रायव्हरमध्ये किंवा खुद्द प्रोसेसरमध्ये आहे. शेवटचे अगदीच दुर्मीळ, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. २०२४ मध्ये ते विधान गिळावे लागले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मूळ सेटिंगवरही अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतल्या घड्याळाच्या परिपथाची झीज होऊन लागणारे किमान व्होल्टेज वर सरकत होते. इंटेलने त्या वर्षी मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची झीज थांबवण्यासाठी आहे. झालेली झीज भरून निघत नाही. तुमच्याकडे यांतला प्रोसेसर असेल तर नव्या बायोसशिवाय ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नका, आणि डिफॉल्टवर पडत असेल तर सरळ वॉरंटीत बदलून मागा.

या प्रकरणात एक धडा दडलेला आहे. अनरियल इंजिनवर बनलेले गेम सुरू करताना लोकांना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. साहजिकच सगळ्यांनी ग्राफिक्स कार्डाला धरले, ड्रायव्हर बदलले, कार्डे बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गेम सुरू होताना शेडर उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो, तिथे उत्तर चुकत होते, आणि पुढच्या कोडने त्या चुकलेल्या उत्तराचा अर्थ ‘मेमरी नाही’ असा लावला. संदेश काय म्हणतो यापेक्षा त्या क्षणी काम कोण करत होते हे विचारायला शिका.

डिफॉल्टवर मशीन ठणठणीत असेल, तर आता ‘केव्हा’कडे वळू.

सुरूच होत नाही

हा प्रकार सर्वांत घाबरवणारा आणि सर्वांत सोपा. वेग किंवा रॅमची सेटिंग इतकी पुढे गेली की बायोसपर्यंतही पोचता येत नाही. बरेच बोर्ड दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर आपणहून मागे येतात. नाही आले तर प्लग काढा, मदरबोर्डवर सीमॉस पुसण्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घाला. फक्त एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅमवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: रॅमचे सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबून बंद करू नका.

भार दिल्याबरोबर पडते

रेंडर, कंपाइल किंवा स्ट्रेस टेस्ट चालू केली आणि अर्ध्या मिनिटात निळा पडदा, तर बहुधा भाराखाली व्होल्टेज कमी पडते आहे. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बायोसमध्ये तुम्ही १.३० लिहिलेत म्हणून प्रोसेसरला कायम १.३० मिळत नाहीत. विद्युतप्रवाह वाढला की व्होल्टेज खाली येते, कदाचित १.२४ पर्यंत. याला व्हीड्रूप म्हणतात. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. भार एकदम सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर उसळी मारते; आधी खाली असले की ती उसळी सुरक्षित मर्यादेत राहते.

ही घसरण कमी करण्याच्या सेटिंगचे नाव लोड-लाइन कॅलिब्रेशन, बोलताना एलएलसी. नवख्यांना वाटते की ती सर्वांत तीव्र पातळीवर ठेवावी म्हणजे आकडा सरळ रेषेत राहील. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तो सरळ दिसतोही. पण तो प्रोग्रॅम दर एक-दोन सेकंदांनी एकदा डोकावतो. उसळी आणि खड्डा घडतो काही मायक्रोसेकंदांत, आणि तो पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो. तीव्र एलएलसीवर भार येता-जाता बसणारे हे हेलकावे मोठे होतात, आणि स्ट्रेस टेस्ट चालू असताना नव्हे तर ती बंद करताच मशीन पडते. असे होत असेल तर वहीत गोल करून ठेवा, तो एलएलसीचा ठसा आहे. माझे मत असे की मधली पातळी घ्यावी, बायोसमधले व्होल्टेज थोडे जास्त लिहावे आणि घसरण होऊ द्यावी. पातळ्यांचे आकडे मात्र फसवे असतात. असूसच्या बोर्डांवर आकडा वाढेल तशी तीव्रता वाढते. एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर नेमके उलटे, तिथे पहिली पातळी सर्वांत कडक.

व्होल्टेज वाढवायचे ते १० ते २० मिलिव्होल्टच्या टप्प्याने. दोन-तीन टप्पे दिले आणि टिकण्याचा वेळ वाढत गेला, अर्ध्या मिनिटाची दहा मिनिटे झाली, तर वाट बरोबर आहे. काहीच फरक पडला नाही किंवा लवकर पडू लागले, तर थांबा. दुखणे उष्णतेचे किंवा रॅमचे आहे. आणि केवळ एव्हीएक्स सूचना वापरणाऱ्या चाचणीतच पडत असेल, तर त्या सूचनांपुरता वेग एक-दोन पायऱ्यांनी उतरवण्याची सोय बऱ्याच इंटेल बोर्डांवर असते, ती वापरा. एका प्रकारच्या कामासाठी सगळ्या प्रोसेसरला जास्त व्होल्टेज कशाला पाजायचे?

वीस मिनिटांनी पडते, किंवा मे महिन्यात पडते

काही वेळाने पडणे म्हणजे उष्णता. कूलर खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक आटोक्यात ठेवतो. २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ अंशांवर स्थिरावत असेल तर फरक ५६ अंशांचा. तीच खोली ३८ अंशांची झाली की प्रोसेसर ९४ वर. पुण्यात जानेवारीत बसवलेले सेटिंग एप्रिल-मेमध्ये कोसळते ते यामुळे, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या दुपारी काय होत असेल याचा हिशेब आता तुम्हीच करा. थंड देशांतल्या लोकांनी दिलेले आकडे जसेच्या तसे उचलण्यात हाच धोका आहे. ओव्हरक्लॉक हिवाळ्यात केला असेल तर खोलीचे आजचे तापमान लिहा आणि उन्हाळ्यासाठी निदान १५ अंशांची जागा मोकळी सोडा. नाहीतर सरळ दोन प्रोफाइल जतन करा, एक उन्हाळ्याचे आणि एक बाकीच्या वर्षाचे. मी तेच करतो.

फार तापलेला प्रोसेसर बहुधा पडत नाही, तो आपला वेग स्वतःच उतरवतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर तर पूर्ण भाराला ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहावेत अशाच हिशेबाने बनवलेले आहेत. तेव्हा तो आकडा दिसला म्हणजे बिघाड असे नाही. पण तुमचे वाढवलेले सेटिंग ७० अंशांना जेवढ्या व्होल्टेजवर टिकते तेवढ्यावर ९० ला टिकेलच असे नाही. थर्मल पेस्ट सुकली आहे का, कूलरचे चारही स्क्रू सारखे आवळले आहेत का, समोरच्या जाळीत धूळ किती, हे आधी पाहा. कॅबिनेटचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा लावा. दहा अंशांचा फरक पडला तर दोष कूलरचा नाही, हवा खेळण्याचा आहे. आणि मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी त्याला व्होल्टेज पुरवणारे जे व्हीआरएम असते त्याचेही तापमान बघा. स्वस्त बोर्डांवर त्याला धड हीटसिंक नसते. प्रोसेसरवर पाण्याचा कूलर बसवला की सॉकेटच्या आसपास वारा फिरत नाही, आणि प्रोसेसर थंड असूनही व्हीआरएम तापून वेग पाडते. पाणी घालून बिघडलेले असे एक मशीन एका साध्या ८० मिलिमीटरच्या पंख्याने सुधारलेले मी पाहिले आहे.

काहीच करत नसताना पडते

या प्रकाराने मला स्वतःला दहा दिवस नाचवले, म्हणून इथे जरा रेंगाळतो. माझे मशीन रायझन ५ ५६००एक्सचे. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आली: वेग आणि व्होल्टेज यांचा जो आलेख प्रोसेसरमध्ये भरलेला असतो, तो प्रत्येक कोअरसाठी खाली किंवा वर सरकवता येतो. उणे ३० पर्यंत जाता येते, आणि एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. मी सहाही कोअर उणे ३० वर नेले. सिनेबेंच तासभर चालले, तापमान उतरले, गुण वाढले. खूश होऊन सेव्ह केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन नुसते चालू होते, पडद्यावर एक पीडीएफ उघडी होती, आणि ते गपकन रिस्टार्ट झाले.

कारण असे. सगळे कोअर एकदम कामाला लागतात तेव्हा वीजमर्यादेमुळे वेग माफक राहतो, समजा ४.४ किंवा ४.५ गिगाहर्ट्झ. पण हलके काम असते तेव्हा एखादाच कोअर क्षणभर ४.६ च्याही वर उडी मारतो, आणि नेमक्या त्या शिखरावर मी त्याचे व्होल्टेज काढून घेतले होते. जड चाचण्या त्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे तासभराचे सिनेबेंच या दुखण्याबद्दल काहीच सांगत नव्हते.

उपाय होता एकेका कोअरला वेगळे तपासण्याचा. कोअरसायक्लर नावाची मोफत स्क्रिप्ट नेमके हेच करते: प्राइम ९५ ही चाचणी एका वेळी एकाच कोअरवर चालवते, मग पुढच्या. रात्री लावून झोपावे. माझ्याकडे दोन कोअर काही मिनिटांत चुकले, आणि गंमत म्हणजे तेच दोन प्रोसेसरने ‘उत्तम’ म्हणून निवडलेले होते. ते असे बऱ्याचदा होते. चांगल्या कोअरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेले असते, त्यामुळे काढून घेण्यासारखे फार उरत नाही. त्या दोघांना उणे १० आणि उणे १२ वर आणले, बाकीचे उणे २५ च्या आसपास ठेवले, आणि मशीन शांत झाले.

कोणता कोअर चुकतो हे विंडोजही सांगते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या नोंदी शोधा. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरची प्राणघातक चूक. तिच्यात एपीआयसी आयडी दिलेला असतो. ५६००एक्ससारख्या सहा किंवा आठ कोअरच्या रायझनमध्ये सहसा प्रत्येक कोअरचे दोन आयडी असतात, तेव्हा आकड्याला दोनाने भागा: ६ किंवा ७ म्हणजे ३ नंबरचा कोअर, मोजणी शून्यापासून. ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद पाहून मात्र एसएमपीएस बदलायला धावू नका. तिचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झाले नव्हते, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

निवांत असताना पडण्याचे आणखी एक कारण जुन्या एसएमपीएसमध्ये असते. २०१३ च्या इंटेल हॅसवेलपासून झोपलेला प्रोसेसर इतका कमी प्रवाह घेऊ लागला की जुन्या घडणीच्या काही एसएमपीएसना तेवढ्यावर व्होल्टेज सांभाळता येईना. रायझनच्या बऱ्याच बोर्डांवर यासाठी ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असते. ते ‘टिपिकल करंट आयडल’ला ठेवून पाहा. फुकटचा उपाय आहे.

कधीही, कुठेही पडते

खरोखरच नेम नसेल, आज ब्राउझर आपोआप बंद, उद्या झिप फाइल उलगडताना चूक, परवा वेगळ्याच नावाचा निळा पडदा, तर संशय रॅमवर धरा. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ हे निळे पडदे सहसा प्रोसेसरच्या व्होल्टेजकडे बोट दाखवतात; ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट’वाले रॅमकडे. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

प्रोसेसर मूळ वेगावर ठेवा आणि रॅम एकटी तपासा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालते आणि पट्टीच खराब असेल तर शोधून काढते, पण काठावरच्या अस्थिरतेला ते कमी पडते. त्यासाठी विंडोजमध्ये टेस्टमेम ५ किंवा वाय-क्रंचर लावा. इथे एकही चूक क्षम्य नाही. दोन तासांत एकच चूक आली तर ‘एकच तर आली’ म्हणू नका.

चूक सापडली तरी दोषी पट्टीच असेल असे नाही; रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या की त्याचे काम फार अवघड होते. रायझन ७००० दोन पट्ट्यांना अधिकृतपणे ५२०० चा वेग देते, चार पट्ट्यांना फक्त ३६०० चा. म्हणून ६००० चे दोन संच जोडून चार पट्ट्या पूर्ण वेगाला चालत नाहीत ही तक्रार मी ऐकतो तेव्हा मला नवल वाटत नाही. रायझन ५००० वर अंतर्गत जोडणीचा वेग, म्हणजे एफसीएलके, १८०० मेगाहर्ट्झ आणि सोबत ३६०० ची रॅम ही शहाणपणाची जागा; १९०० ला गेलात आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १९ क्रमांकाच्या, ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ म्हणणाऱ्या नोंदींचा पाऊस पडला, तर मशीन पडत नसले तरी मागे या. चुका सुधारल्या जात आहेत, पण होत आहेत.

कंट्रोलरला आधार म्हणून एसओसी व्होल्टेज वाढवतात, तिथे हात राखून. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० चे काही प्रोसेसर, मुख्यतः एक्स३डी प्रकारचे, सॉकेटसह जळाले. त्यानंतर एएमडीने बोर्ड कंपन्यांना हे व्होल्टेज १.३० वरच रोखायला लावले. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर हा लेख बाजूला ठेवून तो आधी बदला.

आणखी एक: रॅमची चाचणी एकटीच पास होते, गेममध्ये मात्र पडते, असे झाले तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा आठवा. ती सरळ पट्ट्यांवर जाते. चाचणीच्या वेळी कार्ड थंड होते.

पडत नाही, पण

कर्व्ह ऑप्टिमायझर किंवा कमी व्होल्टेजचे प्रयोग करणाऱ्यांना एक चकवा भेटतो. वेग ४.७ दिसतो, मशीन पडत नाही, पण सिनेबेंचचे गुण आधीपेक्षा कमी. रायझनला व्होल्टेज अपुरे वाटले की तो ठोके ताणतो. दाखवलेला वेग तोच राहतो, प्रत्यक्षातला उतरतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ पाहा. पूर्ण भाराखाली तो दाखवलेल्या वेगापेक्षा बराच मागे असेल तर तुम्ही मिळवलेले काहीच नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर वहीत गुणही लिहायचे.

चाचण्यांचे म्हणाल तर एकीवर विसंबू नये. प्राइम ९५ हा मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा प्रोग्रॅम, १९९६ पासूनचा. त्याला बरोबर उत्तर आधीच माहीत असते, म्हणून एक बिट चुकला तरी तो ओरडतो. ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाचा संदेश देऊन एखादा वर्कर थांबला, बाकीचे चालूच राहिले, तर ‘मशीन तर पडले नाही’ म्हणून समाधान मानू नका. ते पडणेच आहे. त्याचे ‘स्मॉल एफएफटी’ प्रोसेसर तापवते, ‘लार्ज’ मेमरी कंट्रोलरला ताणते. या प्रोग्रॅमच्या वापरकर्त्यांनी तर इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला खराखुरा दोष शोधून काढला होता. इंटेलने तो २०१६ च्या जानेवारीत मान्य केला आणि बायोसमधून दुरुस्ती दिली. दर टप्प्याला दहा-पंधरा मिनिटे पुरेत, शेवटच्या सेटिंगला मात्र रात्रभर, आणि मग आठवडाभर तुमचे नेहमीचे काम. नेहमीच्या कामासारखी चाचणी नाही.

वीज गेल्यासारखे धप्पकन बंद पडणे एवढे राहिले. निळा पडदा नाही, डब्ल्यूएचईएची नोंद नाही, पंखेही थांबले. हे एसएमपीएसच्या किंवा व्हीआरएमच्या संरक्षणाचे लक्षण. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम ताणल्यावरच होत असेल तर एसएमपीएस अपुरा आहे किंवा थकला आहे. मशीन छोट्या यूपीएसवर असेल तर एकदा थेट भिंतीच्या प्लगवर लावून पाहा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, जेमतेम साडेतीनशे.

या सगळ्या खटाटोपात तुमच्या फाइली मात्र धोक्यात असतात, आणि ते नुकसान लगेच दिसत नाही. चुकलेला बिट डिस्कवर लिहिला गेला की तो तिथेच राहतो, सेटिंग सुधारल्यावरही. म्हणून प्रयोगांच्या दिवसांत फोटो आणि हिशेब दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि ती ड्राइव्ह मशीनपासून काढून ठेवलेली. विंडोजचे अपडेट किंवा बायोसची दुरुस्ती अस्थिर मशीनवर कधीही चालवू नका. स्थिरता सापडली की कमांड प्रॉम्प्टमधून सिस्टिम फाइल चेकर चालवून मागच्या आठवड्यांत काय बिघडले ते एकदा तपासून घ्या.

आणि सापडलेल्या टोकावर राहू नका. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये जवळपास दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या कोसळण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात थोडासा वाढवलेला वेगही बिघाड ठळकपणे वाढवतो आणि थोडासा उतरवलेला वेग तो घटवतो असे दिसले. माझ्या मशीनवर रात्रभर टिकणाऱ्या सेटिंगपेक्षा मी नेहमी १०० मेगाहर्ट्झ मागे, किंवा कर्व्हच्या तीन पायऱ्या वर असतो. फरक स्टॉपवॉच लावूनही जाणवत नाही. वहीत मात्र असे मागे आल्याच्या तारखेनंतर आठ महिने एकही ओळ नाही. पुढची थेट १४ मेची आहे: ‘खोली ३९. उन्हाळ्याचे प्रोफाइल लावले.’